देठ ठेवून

"बाबा, ओढू नका! कात्री कुठंय तुमची?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले.

बाबा अंगणात स्टुलावर चढून लिंबू असं पिरगाळत होते, की अख्खी फांदी हादरत होती. प्लंबर माणूस. जन्मभर नळ आवळले, हाताला दुसरी सवयच नाही. यावरून आईनं त्यांना किती वेळा फैलावर घेतलं असेल! "अहो, झाड आहे ते, नळ नाही! देठ ठेवून कापा. साल फाटली की लगेच सडतं." मग बाबा मुकाट्यानं कात्री घ्यायचे आणि आई फाटलेली लिंबं वेगळी काढून त्याच दिवशी संपवायची. हे भांडण झाल्याशिवाय आमच्याकडे लिंबं कधी घरात आलीच नाहीत.

आता आई झाडाजवळच खुर्चीत बसली होती. झटका आला तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द नव्हता. उजवा हात मांडीवर ठेवला की तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं करायचा प्रयत्न करत राहा. मी जुने फोटो दाखवले, तिची आवडती गाणी लावली. ती आपली समोर बघत राहायची आणि मी न्हाणीघरात जाऊन रडून यायचे.

तणतणत मी बाहेर गेले. बघते तर कात्री बाबांच्या खिशातच!

"काय हो बाबा, ही काय मिरवायला आणलीत?"

"हळू बोल," बाबा कुजबुजले. त्यांच्या मनगटावर काट्यांचे ओरखडे उठले होते. "मुद्दाम ओढतोय. इतकी वर्षं नुसता हात लावला तरी अंगावर यायची. आज बोलेल की नाही मला? नुसतं 'अहो' म्हणाली तरी पुरे गं."

मी स्टूल घट्ट धरून उभी राहिले.

बाबांनी आणखी एक लिंबू ओरबाडलं. "अगं, हेही फाटलं बघ! सडणार आता!" ते मोठ्यानं म्हणाले.

आईनं मान वर केली. तिचे ओठ हलले. बाबा वर हात धरून तसेच थांबले. ओठ पुन्हा हलले, थरथरले आणि मिटले.

बाबा खाली उतरले. लिंबांची टोपली तिच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "बरं, राहू दे." मग पाठ फिरवून त्यांनी डोळे पुसले.

आईनं डावा हात टोपलीत घातला. एक लिंबू उचललं, देठाची जागा अंगठ्यानं चाचपली आणि ते पदरात टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. सगळीच फाटलेली, टोपलीत एकही उरलं नाही. तेव्हा तिनं ती रिकामी टोपली बाबांच्या दिशेनं ढकलली.

बाबांनी ती उचलली, खिशातून कात्री काढली आणि पुन्हा स्टुलावर चढले.

"अहो, झाड आहे ते, नळ नाही," ते तिच्याच सुरात स्वतःला म्हणाले आणि देठ ठेवून एक लिंबू कापलं.