उजळलेला बर्फ

दिवा लावल्यावर तो कागद चमकायला नको होता.

मी खोलीतले बाकीचे दिवे बंद केले होते, डोळ्यांवर पिवळा चष्मा होता आणि यूव्ही दिवा चित्रापासून वीतभर अंतरावर धरला होता. चित्र जलरंगातलं, साधारण १८५८ सालचं, अमेरिकेतलं. गोठलेल्या तळ्यावर काही माणसं लांब करवतींनी बर्फाच्या लाद्या कापतायत, एक घोडा कंटाळून उभा आहे, काठावर लाकडी कोठार. त्या काळी असा बर्फ भुशात गुंडाळून जहाजांनी थेट मुंबईपर्यंत यायचा, हे मला या चित्रामुळेच कळलं होतं. चित्रकाराने बर्फासाठी पांढरा रंग वापरलाच नव्हता. कागद तिथे कोरा सोडला होता. म्हणजे चित्रात बर्फ म्हणून दिसतो तो खरं तर कागदच.

आणि तो कागद निळा-पांढरा उजळला होता.

चिंध्यांपासून केलेला जुना कागद यूव्हीखाली मंद, पिवळट दिसतो. असा निळा उजेड येतो तो ऑप्टिकल ब्राइटनरमुळे. वस्तू जास्त पांढरी दिसावी म्हणून घालायचं हे रसायन सर्रास वापरात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. १८५८च्या कागदात ते सापडणं म्हणजे पेशव्यांच्या पत्राखाली मोबाइल नंबर सापडणं.

मी कागद उलटा केला. पाठही तशीच, कडेपासून कडेपर्यंत.

मग मी मार्च महिन्यातले फोटो उघडले. आमचं सिंगापुरातलं संग्रहालय लहान आणि खासगी. इथे जहाजांचा धंदा केलेल्या एका अमेरिकन कुटुंबाने आपला संग्रह आम्हाला काही वर्षांसाठी दिला होता: एकोणिसाव्या शतकातली तैलचित्रं, जलरंग, पेन्सिलची रेखाटनं. आल्या आल्या प्रत्येकाचा यूव्ही फोटो काढलेला होता. कुणीतरी घाईत काढलेला, जरा मोठा केला की फुटायचा. पण रंग कळत होता. मार्चमध्ये बर्फ पिवळट होता. आता ऑगस्ट चालू होता आणि बर्फ निळा होता.

कागद आपला आपण तरुण होत नाही. मला एकच स्पष्टीकरण सुचलं. मार्चमध्ये आलेला कागद आणि माझ्यासमोरचा कागद वेगळे आहेत. मधल्या काळात तो फक्त एका माणसाच्या ताब्यात होता, विनीताताईंच्या.

विनीताताई आमच्याकडे कागदावरच्या कामांची दुरुस्ती बघतात. पुण्यातल्या एका जुन्या दप्तरखान्यात शिकल्या, वीसेक वर्षांपूर्वी इकडे आल्या, आता यिशुनला राहतात. मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी मला एवढंच विचारलं होतं, "हात कोरडे राहतात का तुझे?" राहतात म्हटल्यावर, "मग बाकीचं येईल," म्हणाल्या. दुपारी आम्ही डबा एकत्र खातो. म्हणजे तोपर्यंत खात होतो.

त्या खोलीत आल्या तेव्हा माझ्या हातात दिवा होता.

"हे काय, अंधारात काय करतेस? भूतबीत बघतेस का?"

"प्रदर्शनाआधीची तपासणी, ताई. बर्फाचं चित्र."

"ते झालंय माझं तपासून." त्यांनी खोलीतल्या दिव्याचं बटण खटकन लावलं. "त्याला परत परत दिव्याखाली धरायची गरज नाही. रंग उडतात."

दहा मिनिटांच्या यूव्हीने रंग उडत नाहीत, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

त्या संध्याकाळी मी घरी विषय काढला, नाव न घेता. मी पासिर रिसला मावशीकडे राहते. तिचे यजमान प्रबोधकाका रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत संशयास्पद व्यवहार शोधायच्या विभागात आहेत.

"काका, बँकेत कुणाचा संशय आला तर काय करता?"

"आधी कॉफी पितो."

"खरंच सांगा ना."

"खरंच सांगायचं तर त्या माणसाला अजिबात कळू द्यायचं नाही. आमच्याकडे पहिला नियम तोच. थेट वर कळवायचं. त्याला विचारायला गेलीस की पुरावा गेला म्हणून समज."

"आणि मग त्याच माणसाला रोज हसून गुड मॉर्निंग म्हणत बसायचं," मावशी आमटी वाढता वाढता म्हणाली. "काय पण नोकरी! त्यापेक्षा तोंडावर विचारून मोकळं व्हावं."

"स्मिता, तू बँकेत असतीस तर चोर दारातूनच पळाले असते."

"बरंच झालं असतं की!"

त्या माणसाला कळू द्यायचं नाही, एवढं काकांचं मी ऐकलं. तपासणीचा अहवाल गुरुवारी मिस लिम यांना द्यायचा होता. त्या आमच्या विभागप्रमुख. एकदा मी 'कागद आधुनिक' असं लिहिलं की त्या मालकांना कळवणार, विनीताताईंना त्याच दिवशी घरी पाठवणार, आणि इथल्या एवढ्याशा क्षेत्रात त्यांचं नाव कायमचं जाणार. म्हणून मला खात्री हवी होती. मी बघायला लागले.

बघायला लागलं की दिसायला लागतं. विनीताताई आपलं कपाट उघडताना माझ्याकडे पाठ करत. एरवी सगळे वापरतात तो पांढरा टिपकागद त्या फारसा घेत नसत. मग ओल टिपायला त्या वापरतात तरी काय? सोमवारी घरी जाताना त्यांच्या कापडी पिशवीत एक चपटं, पांढऱ्या कापडातलं बोचकं होतं. आकार साधारण त्या चित्राएवढा. मी लिफ्टपर्यंत त्यांच्यासोबत गेले.

"काय नेताय, ताई?"

"घरचंच आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. माझ्यापासून लांबच्या.

मंगळवारी सकाळी त्या खोलीत नसताना मी चित्राच्या पाठीचा जवळून फोटो घेतला. निळा उजेड सलग नव्हता. बारीक ठिपक्यांचा होता, उभ्या-आडव्या ओळींत, जाळीसारखा. मी ते तारेच्या चाळणीचे ठसे समजले. अशा चाळणीवर कागद तयार होतो तेव्हा जाळी उमटू शकते. माझ्या मते खटला पूर्ण होता. मी अहवालाचा कच्चा मसुदा लिहून ठेवला. त्या दुपारी विनीताताईंनी लसणाची चटणी पुढे केली तेव्हा मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

बुधवारी संध्याकाळी मावशीने मला ओट्यावरची भांडी जागेवर लावायला सांगितलं. तिची एक पद्धत आहे: ओट्यावर खाकी कागद, त्यावर काकांचा जुना मऊ पंचा, आणि त्यावर धुतलेली भांडी पालथी. बॅगेतला छोटा यूव्ही टॉर्च मी काकांना दाखवायला बाहेर काढला होता. त्यांचा ऑफिसचा शर्ट त्याखाली असा पेटला की मावशी दचकली.

"अगं बाई! हा तर ट्यूबलाइट झालाय."

"तुझ्या साबणाची कृपा," काका म्हणाले. "चोवीस तास चमकतो मी."

मी हसत टॉर्च ओट्याकडे वळवला. पंचाही चमकत होता. यात नवल काहीच नव्हतं. धुण्याच्या पावडरमध्ये ब्राइटनर असतंच, हे मला परीक्षेला होतं. मी ओला पंचा वाळत घालायला उचलला आणि टॉर्च खाकी कागदावर पडला.

खाकी कागद निळा चमकत होता. ठिपक्यांत, उभ्या-आडव्या ओळींत.

"काय झालं गं?" मावशीने विचारलं. "झुरळ आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "कापड आहे."

गुरुवारी सकाळी मी मिस लिम यांच्याकडे गेले नाही. काकांचा पहिला नियम मोडून विनीताताईंच्या टेबलाशी गेले, चित्र मध्ये ठेवलं आणि दिवा लावला. त्या बर्फाकडे बघत राहिल्या. तो उजेड त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांचा हात तोंडाकडे गेला.

"ताई, या पाठीवर वर एक जुनी कागदी पट्टी चिकटवलेली आहे. तिचं एक टोक सोडवाल? मला खालचा कागद बघायचाय."

"कशाला?"

"आधी सोडवा. मग सांगते."

त्यांनी पातळ सुरी घेतली. कागद नवा असेल तर पट्टीखालीही चमकणार होता. पट्टी कागदापासून अलगद सुटली. खाली एक छोटा चौकोन होता, मंद, पिवळट, मार्चमधल्यासारखा.

कागद तोच होता. चमक वरून आली होती.

"कापड दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी पाठ न करता कपाट उघडलं. आत पांढऱ्या, विरलेल्या कापडांची घडी होती. दिव्याखाली ती घडी पेटली.

"बाबांची धोतरं आहेत," त्या म्हणाल्या. "दीनानाथकाका होते आमच्या दप्तरखान्यात. त्यांनी शिकवलं. कोऱ्या कापडात खळ असते, ती कागदाला लागते. कापड जुनंच घ्यायचं, शंभरदा धुतलेलं. ते रिठ्याने धुवायचे. मी..." त्या थांबल्या. "मी मशीनमध्ये टाकते. या सोमवारी धुवायला नेली होती, तीच."

"पण चित्राला ओलं कापड लावलंतच का?"

त्यांनी सुरी पुसून खाली ठेवली. मग सगळं एकदम सांगितलं. जूनमधल्या एका शुक्रवारी त्यांनी चित्र टेबलावर उघडं ठेवलं. नियमाप्रमाणे ते खणात जायला हवं होतं. शनिवार-रविवारात एसी गळला आणि बर्फावर पाण्याचा डाग पडला. सोमवारी माणसं यायच्या आत त्यांनी कागद मागून ओलावला, समोर फक्त कोऱ्या बर्फावर कापड ठेवलं, दाबून वाळवला. डाग गेला. कुणाला सांगितलं नाही.

"सुंदर गेला होता गं डाग," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, संपलं."

"मला वाटलं, तुम्ही चित्र बदललंत."

"माहितेय. परवा चटणी नको म्हणालीस तेव्हाच कळलं काहीतरी आहे म्हणून. पाणी प्यायला उठलीस तरी माझ्या पिशवीकडे बघून उठायचीस." त्यांनी घडी छातीशी धरली. "म्हणजे आठवडाभर मी चोर होते. आणि विचारलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. त्या हळूच म्हणाल्या, "जाई, कापडाचं लिहू नकोस. दिवा बिघडला होता म्हण. दोन महिन्यांनी माझं नवीन काँट्रॅक्ट आहे. एवढ्या वर्षांत एक चूक झाली नाही माझी."

मी मार्चचा फोटो आणि मंगळवारचा फोटो त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"हे दोन्ही सिस्टिममध्ये आहेत. आज ना उद्या कुणीतरी बघेल. कापडाचं लिहिलं नाही तर बघणारा काय म्हणेल?"

त्या दोन्ही बर्फांकडे बघत राहिल्या, पिवळा आणि निळा.

"चोर," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि लिहिलं तर बावळट."

माझ्या मते शब्द 'निष्काळजी' होता, पण तो बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. त्यांनी वरचं धोतर घडीतून काढलं, चित्र फोल्डरमध्ये ठेवलं आणि दोन्ही घेऊन स्वतःच मिस लिम यांच्या खोलीत गेल्या. दार लागलं. काचेतून मला फक्त दिसलं की मिस लिमनी दिवा मागवला आणि पडदे ओढले. मधल्या फटीतून तो निळा उजेड दोनदा चमकला.

त्या परत आल्या तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"भिंतीवर लागणार नाही ते. मालकांना कळवणार आहेत. धुऊन निघतंय का ते बाहेरचं कुणीतरी बघेल." त्यांनी धोतराची घडी पुन्हा घातली, कडेला कड जुळवून. "काँट्रॅक्टचं नंतर बोलू म्हणाल्या. तोपर्यंत माझ्या प्रत्येक कामावर दुसऱ्या माणसाची सही. तुझी."

"ताई, मी..."

"नको. बरोबर केलंस तू." त्यांनी टेबलावरचा दिवा उचलला. "हा अंगातला कामाचा कोट कुठे धुतेस?"

"घरी. मावशीच्या मशीनमध्ये."

त्यांनी दिवा लावला. माझी बाही मनगटापर्यंत निळी पेटली.

"बाह्या वर कर. हात दाखव."

मी बाह्या वर केल्या आणि हात पुढे केले. त्यांनी दिवा आधी मनगटांवर फिरवला, मग तळव्यांवर, मग एकेक बोट, एकेक नख सावकाश बघितलं. कुठेच निळं दिसलं नाही, तरी सगळं बघून झाल्यावर त्यांनी दिवा पुन्हा पहिल्या बोटावर आणला.