देवीला भूक लागली

"कोण गो तू? नाव सांग तुझं!"

सोनबा गुरव माझ्या बायकोला विचारत होता. प्रयाग सोमजाईच्या देवळात खांबाला टेकून बसली होती आणि तिचं सगळं अंग थरथरत होतं. डोळे अर्धे उघडे, केस सुटलेले. मी हातात खडू घेऊन तसाच उभा होतो.

आमची शाळा देवळातच भरे. लोकल बोर्डानं बांधलेल्या शाळेच्या खोलीचं छप्पर मागल्या पावसात खाली आलं, ते कुणी पुन्हा घातलं नाही. प्रयाग माझी भाकरी घेऊन आली, फडकं माझ्याजवळ ठेवलं आणि परत फिरताना एकदम खाली बसली. अंग कापू लागलं. पोरं ओरडत पळाली आणि बघता बघता गाव जमला.

"मंगळवार हाय आज," शेजारची ठमाबाई म्हणाली. तिनं हळदकुंकू आणलंच होतं. "बाईंचे उपास कडक. देवी दुसऱ्या कुणाच्या अंगात कशाला येल?"

"मास्तर, बघताव काय? पाया पडा!" कुणीतरी म्हणालं.

"शिकलेला मानूस. बायकोच्या पाया पडायची लाज वाटत आसंल," दुसरा म्हणाला. दोघेतिघे हसले.

उपास. श्रावण लागल्यापासून ती सोमवार करी, मंगळवार करी, शनिवार करी. भाद्रपद आला तरी उपास सुटले नव्हते. पावसाच्या आधीपासून माझा पगार आला नव्हता. महाडला जाऊन विचारलं तर कारकून म्हणाला, "मंदी आहे मास्तर. कपात होऊन येईल, पण येईल." आम्ही दासगावचे, इथे आमचं कुणी नव्हतं. तरी प्रयागनं पाणवठ्यावर सांगून टाकलं होतं, आमचा पगार झाला म्हणून. मास्तराच्या बायकोनं दुसऱ्याच्या दारात कसं उभं राहायचं, असं ती म्हणे. मला मात्र रोज भाकरी मिळे. डब्यात पीठ आहे अजून, असं ती सांगे.

"बोल आई," सोनबानं हात जोडले. "काय चुकलं गावाचं?"

प्रयागचे ओठ हलले.

"भूक," ती म्हणाली. "भूक लागलीय."

माझ्या हातातला खडू खाली पडला.

"ऐकलाव?" सोनबा लोकांकडे वळला. "औंदा आईच्या राखणीचा मान चुकवलाव ना? मी बोललो व्हतो. आई कोंबडा मागते!"

"अरे, ती उपाशी आहे!" मी ओरडलो. "देवी नाही रे, माझी बायको आहे ती. तिला भूक लागलीय!"

"आमी तरी दुसरं काय बोलतो हाव?" सोनबा म्हणाला. "मास्तर, मधी बोलू नका. कोपली तर गाव ठेवायची नाय."

मी पुढे झालो तर दोघांनी मला धरलं. तेही आदरानं, दंडाला हात लावून. कुणीतरी कोंबडा आणला. देवळाच्या पायरीवर तो कापला आणि रक्ताचं बोट प्रयागच्या कपाळाला लावलं. ढोल वाजू लागला. बायका एकेक करून तिच्या पाया पडत होत्या. कुणी नातवाचं विचारत होतं, कुणी मुंबईला गेलेल्या लेकाचं. तिला पाणी कुणी दिलं नाही.

मी हात सोडवून घेतले. फडक्यातली भाकरी पाण्यात कुस्करली आणि तिच्या तोंडाशी नेली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही जेवलात?"

आवाज अगदी घरातला होता.

"जेवलो," मी म्हणालो.

मग तिनं घास घेतला. तो तिला गिळता आला नाही.

"गेली देवी," सोनबा म्हणाला. ढोल थांबला. लोक कोंबड्याचे वाटे घालायला बाहेर गेले. दिवस मावळायच्या आत प्रयाग गेली.

पगार दसऱ्याला आला, कपात होऊन.

शाळा अजून देवळातच भरते. प्रयाग बसली होती ती जागा बायकांनी सारवून वेगळी ठेवली आहे. पोरं ती सोडून बसतात. दर मंगळवारी ठमाबाई तिथे केळीच्या पानावर ऊन ऊन भात वाढते, वर डाळ घालते, हात जोडते आणि जाते. मी फळा पुसत उभा राहतो. भाताची वाफ विरेपर्यंत वर्गात कुणी पाढे म्हणत नाही.