मर्नाची भरती

जानेवारीत वाईट खेळाडू कुणीच नसतो. आमच्या नारपूकच्या मैदानाच्या कुंपणाला टेकून मी हे कित्येक वर्षं पाहत आलोय. आमच्याकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा; गवत करपलेलं असतं, माश्या तोंडात शिरायला टपलेल्या असतात, आणि आमची पोरं मात्र अशी धावतात की यंदा फुटीचा, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलचा, चषक गावात आलाच म्हणून समजा. एप्रिलमध्ये सामने सुरू झाले की त्यातली निम्मी कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभी राहतात. पण जानेवारीत हे बोलून दाखवणारा माणूस गावाचा वैरी ठरतो.

मी लिंडसे, क्लबच्या भरती समितीचा प्रमुख. समितीत आम्ही तिघं: मी, मेंढ्या पाळणारा माझा शेजारी क्लेम, आणि नेटबॉलच्या बायकांना शिकवणारी बेव्ह. आमच्या भागात क्लब एकच असतो. पुरुष फुटी खेळतात, बायका शेजारच्या कोर्टवर नेटबॉल, म्हणजे खांबावरच्या कडीत चेंडू टाकायचा खेळ, दोघांचे रंग तेच आणि शत्रूही तोच. आमचा शत्रू म्हणजे शेजारचं गाव, वेल्बी. तिथली माणसं वाईट आहेत असं नाही, पण तिथली आहेत.

त्या संध्याकाळीही क्लेम आणि मी कुंपणाशी बिअर घेऊन यादी लावत होतो.

“तो लाल केसांचा बघ,” क्लेम म्हणाला. “काय उडी मारतो रे! मागच्या वर्षी कुठं होता हा?”

“इथंच होता. दुसऱ्या संघात. जूनमध्ये त्याचा दम गेला तेव्हा तूच त्याला शिव्या घालत होतास.”

“हो का? मग सुधारलाय.”

“जानेवारी आहे, क्लेम.”

क्लेमने यादीवरून बोट खाली सरकवलं. मग हळूच म्हणाला, “आणि आपल्या म्हाताऱ्या खेळाडूचं, स्ट्यूचं, काय करायचं?”

“नारळ द्यायचा.”

“अरे गड्या, त्याच्या बापाने हे कुंपण घातलंय!”

“मग कुंपणाला खेळवू या. कुंपणाचे गुडघे तरी शाबूत आहेत.” मी बिअरचा घोट घेतला. “हे बघ, यादी लावताना भावनेला जागा नसते. वय बघायचं, गुडघा बघायचा आणि नारळ द्यायचा. मी माझ्या सख्ख्या भाच्याला दिला की नाही?”

“दिलास. म्हणून तुझी बहीण ख्रिसमसला आली नाही.”

“क्लबसाठी एवढं सोसावं लागतं.”

खरं सांगायचं तर हे वाक्य मला फार आवडायचं, आणि मी ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचो.

त्याच आठवड्यात बातमी आली की ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात नवा मेकॅनिक येतोय. जेथ्रो नाव, वय चोवीस, दोन्ही पायांनी चेंडू मारतो, मैदानाच्या मध्यावर उभा केला तर दिवसभर पळेल. ही बातमी वेल्बीला पोचण्याआधी मी आणि क्लेम अर्धं कोकरू कापून, पिशव्यांत भरून, त्याच्या भाड्याच्या घरी हजर झालो. कोकरू, सरपण आणि गोड बोलणं, आमच्याकडे भरती अशीच होते.

मी त्याला पाऊण तास त्याच्याच खेळाचं कौतुक ऐकवलं. त्याचा डावा पाय, त्याची पडून उठायची चपळाई, त्याची नजर. मी त्याला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. फोनवर कुणीतरी पाठवलेली चित्रफीत पाहिली होती, तीही अर्धी, कारण मध्येच आमचं इंटरनेट गेलं. पोरगा मान डोलावत होता. शेवटी त्याची मैत्रीण टॅमसिन, जी आतापर्यंत नुसती बिस्किटं खात होती, ती म्हणाली, “मी नेटबॉल खेळते. पहिल्या संघात. आणि शूटरच, कडीत चेंडू टाकणारी. दुसऱ्या जागी मी खेळत नाही. मला जागा नसेल तर आम्ही वेल्बीला विचारतो.”

वेल्बीचं नाव निघाल्यावर माझ्या डोक्यातलं सगळं बाजूला झालं. “जागा? तुझीच आहे बाई!” मी म्हणालो आणि हात पुढे केला. टेबलाखालून क्लेमने माझ्या नडगीवर सणसणीत लाथ मारली. मला वाटलं, आनंदाने मारली.

परतीच्या वाटेवर गव्हाच्या कोठारांपर्यंत मी गाणं गुणगुणत होतो. तिथं क्लेम म्हणाला, “लिंडसे, आपली शूटर कोण?”

मी ब्रेक दाबला.

आमची शूटर म्हणजे मर्ना. मर्ना म्हणजे माझी बायको. एकोणीस वर्षं तिने ती जागा कुणाला दिली नव्हती. दोन बाळंतपणं, एक मोडलेलं मनगट, तरी नाही. आणि मी ती जागा तीन बिस्किटांवर आणि एका धमकीवर देऊन बसलो होतो.

“तू आधी का नाही बोललास?” मी ओरडलो.

“नडगीला विचार.”

माझा शेवटचा आधार बेव्ह होती. मला वाटलं, नेटबॉल तिचं खातं, ती बाणेदारपणे नकार देईल आणि मी जेथ्रोला सांगेन की बायकांपुढे काय करणार. पण बेव्ह टॅमसिनला सरावात बघून आली आणि म्हणाली, “पोरगी छान आहे. घेते मी. मर्ना बेचाळीसची झाली, कधीतरी हे व्हायचंच होतं. मात्र सांगायचं तू. शब्द तू दिलायस.”

माझी बायको फारशी बोलत नाही. आमच्या घरी दिवसभरात होतात ती वाक्यं बहुतेक माझी असतात. तिची म्हणजे “जेवण झालंय,” “कुत्रा बाहेर काढ,” आणि “ठीक.” त्या संध्याकाळी ती वाटाणे सोलत होती. मी समोर बसलो आणि स्ट्यूला नारळ देताना सांगितलं होतं तसंच सुरू केलं: क्लबचं भवितव्य, पुढच्या पाच वर्षांचा विचार, तरुण पाय. मधेच मला ऐकू आलं की मी “तुझ्या योगदानाबद्दल” असं म्हणतोय. थांबता येईना.

मर्नाने एक शेंग उकलली. “ती माझ्यापेक्षा बरी मारते का?”

“बेव्ह म्हणते छान आहे.”

“तू पाहिलंस?”

“मी... तसं नाही.”

“ठीक,” मर्ना म्हणाली.

तिने भांडी फेकली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, वाटाणे शिजत टाकले, आणि त्या रात्रीचं जेवणही रोजच्यासारखंच चवदार होतं. मी अर्धं ताट कुत्र्याला घातलं. तरी दुसऱ्या दिवशी मी क्लेमला म्हणालो, “पाहिलंस? समजूतदार आहे. यादीत भावनेला जागा नसते हे तिलाही पटतं.”

क्लेमने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो मेंढ्यांकडे गेला.

पुढे दोन आठवडे जेथ्रो सरावात असा पळाला की म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन बघायला येऊ लागली. मग एका गुरुवारी क्लेम कुंपणाशी आला तो पडेल चेहऱ्याने.

“वेल्बीने भरती केलीय,” तो म्हणाला.

“कुणाची? तो गोलपुढे खेळणारा उंच पोरगा?”

“नाही. नेटबॉलची. शूटर. अनुभवी बाई आहे म्हणतात.”

“म्हातारी असेल कुणीतरी,” मी हसलो. “वेल्बीवाले तेच करणार, दुसऱ्यांनी टाकलेलं उचलणार. काय दिलं तिला?”

“काही नाही. केक घेऊन घरी गेले होते. सगळी समितीच.”

“केक! केकवर गेली? कसली बाई आहे! राहते कुठं?”

क्लेमने टोपी काढली. आमच्याकडे अंत्ययात्रेला काढतात तशी. “तुझ्या घरात, गड्या.”

मैदानावर जेथ्रोने कमालीचा चेंडू मारला आणि सगळे ओरडले. मला काही ऐकू आलं नाही. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, अशी माझी अवस्था होती. पण क्लबचं काय होईल हे मनात आलंच नाही. मनात एवढंच आलं की वेल्बीची माणसं माझ्या घरात बसून गेली, तिच्याशी बोलून गेली, आणि हे मला सांगायची गरजही तिला वाटली नाही. मला भीती वाटली.

शनिवारी मी आणि क्लेम माझ्याच घरी गेलो, पुढच्या दाराने. पुढचं दार आमच्याकडे फक्त पाद्री आणि पोलीस वाजवतात, बाकी सगळं जग मागून येतं. हातात अर्धं कोकरू होतं, तेही आमच्याच फ्रीजमधलं, कारण क्लेमची मेंढरं त्या आठवड्यात बाजारात गेली होती. मी दार वाजवलं. आत कुत्रा चक्रावून भुंकायला लागला.

मर्नाने दार उघडलं, आम्हाला आपादमस्तक पाहिलं आणि बाजूला झाली. बाहेरच्या खोलीत बसवलं. पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मी माझ्याच सोफ्यावर गुडघे जुळवून बसलो.

“बोला,” ती म्हणाली.

“तू परत यावंस अशी क्लबची इच्छा आहे,” मी म्हणालो. “काय हवं ते सांग.”

“त्या पोरीचं काय?”

“दोघी आलटूनपालटून...”

“बरं. माझ्या खेळात तुम्हाला काय आवडतं?”

इतका साधा प्रश्न. जेथ्रोला मी पाऊण तास सांगितलं होतं. मी तोंड उघडलं. “तू... उंच आहेस,” मी म्हणालो.

मर्नाने क्लेमकडे पाहिलं.

क्लेमचे कान लाल झाले. “तू चेंडू सोडायच्या आधी अर्धं पाऊल मागं घेतेस,” तो चहाकडे बघत म्हणाला. “तुला अडवणारीला वाटतं तू बिचकलीस. ती पुढं येते आणि तोल जातो तिचा. दरवेळी. मी बघतो ना... माझी धाकटी खेळायची तेव्हा बघायचो. तेवढंच.”

मला क्लेमला त्या कोकराने बडवावंसं वाटलं.

“वेल्बीवाल्यांनी हेच सांगितलं,” मर्ना म्हणाली. “मनगट मोडल्यावर माझा हात कसा बदलला, तेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. दहा वर्षं माझ्याकडून हरतायत ना ते.” ती उठली आणि तिने कप गोळा केले. “मी त्यांना शब्द दिलाय, लिंडसे. विचारायला आलात, बरं वाटलं. कोकरू परत फ्रीजमध्ये ठेव.”

पहिलाच सामना वेल्बीला होता, त्यांच्या मैदानावर. मर्ना सकाळीच त्यांच्यातल्या कुणाच्या तरी गाडीतून पुढे गेली. नेटबॉलचा पहिला संघ खेळतो तेव्हाच मैदानावर आमचा फुटीचा दुसरा संघ खेळतो, आणि यादी लावणाऱ्या माणसाला तिथंच असावं लागतं. त्या दिवशी मी तिथं गेलो नाही. मी कोर्टच्या कडेला उभा राहिलो, वेल्बीच्या बायकांमध्ये, नारपूकचा गळपट्टा घालून. त्यांनी मला सॉसेज दिलं, माणुसकी म्हणून.

मर्नाला अडवायला आमची पोस्टातली नोरीन होती. खेळ सुरू झाला आणि मला एक आवाज ऐकू यायला लागला. आधी मला कळेना कुणाचा.

“अगं नोरीन, इतकी जवळ नको येऊस, लोक काहीतरी बोलतील.” चेंडू कडीतून खाली. “इथं उभं राहायला तुला मीच शिकवलं ना? मुद्दाम चुकीचं शिकवलं.” पुन्हा कडीतून खाली. “टपाल पण असंच वाटतेस का, सगळं डोक्यावरून?”

नोरीन हसत होती, चिडत होती, पंचाकडे बघत होती. पंचही हसत होता. आणि माझी बायको, जी घरी दिवसाला चार शब्द बोलते, ती घामाने लाल होऊन, न थांबता, एका दमात बोलत होती. मला हसू आलं. हा आवाज माझ्या घरात कधीच आला नव्हता. शेजारच्या बाईला मी विचारलं, ही नेहमीच असं करते का? ती म्हणाली, “अहो, आम्ही तर ते ऐकायलाच यायचो.”

टॅमसिनही बरी खेळली. आम्ही तरी मोठ्या फरकाने हरलो. नंतर फुटीच्या सामन्यात दुसऱ्या पाळीत जेथ्रोच्या मांडीचा स्नायू ताणला आणि आमचा जानेवारीचा घोडा लंगडत बाहेर आला. क्लेम लांबून माझ्याकडे बघत होता. मी हात केला.

संध्याकाळी मर्ना माझ्या गाडीत येऊन बसली. केस ओले, मांडीवर वेल्बीने दिलेला केकचा डबा. मी गाडी सुरू केली. रेडिओवर लीगचे निकाल सांगत होते.

“बघितलास ना?” तिने विचारलं. “मग? काय दिसलं?”

“तू बोलतेस,” मी म्हणालो. “केवढं बोलतेस, मर्ना! घरी का नाही बोलत?”

तिने खिडकीबाहेर पाहिलं. “तिथं ऐकतात,” ती म्हणाली.

मी रेडिओ बंद केला. मला वाटलं, संपलं, आता हिचं “ठीक” येणार. मग गव्हाची कोठारं दिसायला लागायच्या आधी कुठंतरी तिने सुरुवात केली. नारपूक येईपर्यंत ती बोलत होती, अंगणात गाडी थांबल्यावरही बोलत होती. बहुतेक सगळं आमची यंदाची भरती कुठं कुठं चुकली याबद्दलच होतं. मी एकदाही मधे बोललो नाही.