शेवटची वाफ

मोज्यांखाली पाय लपवणारी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या तळ्याकाठच्या फिनिश गावातली हिल्लेवी तशीच. केस कापण्याच्या दुकानात वर्षानुवर्षं उभं राहून तिच्या पोटऱ्यांवर बारीक निळ्या-जांभळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं, कोळ्यानं विणावं तसं. दुखत काही नव्हतं, पण मनाला खुपत होतं! शनिवारी घरातल्या साऱ्या बायका सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत, उघड्याच एकत्र बसत. हिल्लेवी काहीतरी निमित्त काढून टाळायची.

शेवटी तिनं शहरातल्या एका पार्लरमध्ये गुपचूप शिरा सुकवायची इंजेक्शनं घेतली. तिथे ना डॉक्टर होता, ना कुणी तिचा पाय नीट तपासला. आठवड्याभरात घोट्याच्या वर एक डाग काळा पडला आणि ठणकू लागला. आता तर पाय कुणाला दाखवायची सोयच उरली नाही.

त्या शनिवारी सगळ्यांचं न्हाणं उरकलं. शेवटची वाफ माणसानं घ्यायची नाही, ती सौनाच्या राखणदार भुताची, असा जुना रिवाज. तेव्हा आत कुणी पाऊल टाकत नसे. हिल्लेवीनं नेमकी तीच वेळ साधली. लाजेपुढे भीतीचं काय चालणार?

आत चुलीतल्या निखाऱ्यांखेरीज उजेड नव्हता. तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. हिल्लेवी जागीच थिजली. चुलीच्या लालसर उजेडात वरच्या फळीवर दोन पाय दिसले. नुसते पाय. त्यांवर निळं जाळं पसरलेलं, आणि वरचं सगळं अंधारात बुडालेलं.

"दार लाव गं, वाफ चाललीय."

आवाज ओळखीचा होता. नवऱ्याची म्हातारी आत्या, इंपी!

"आत्याबाई, तुम्ही? यावेळी?"

"मी याच वेळी येते. तरुणपणी नवरा माझे पाय बघून हसला होता. त्यानंतर मी कुणासमोर उघडे केले नाहीत. तू कशाला आलीस, ते सांगायला नको. लंगडतेयस."

हिल्लेवीला रडू फुटलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

"अगं वेडे! शिरा घालवायच्या तर खुशाल घालव, त्यात पाप नाही. पण चोरासारखी गेलीस आणि दुखणं घेऊन आलीस. लपवलेल्या जखमेला औषध कोण लावणार? मला हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तुला सांगते."

पुन्हा चर्र झालं. वाफेचा गरम लोट अंगावर आला.

"पुरे आत्याबाई, आणखी पाणी नका ओतू."

"मी कुठे ओततेय? मला वाटलं, तूच ओततेयस."

हिल्लेवीनं बादली चाचपली. ती कोरडी होती.

तिसऱ्यांदा चर्र झालं, आणि वरच्या फळीच्या पार कोपऱ्यात कुणीतरी समाधानानं लांब श्वास सोडला.

दोघी किंचाळत बाहेर पडल्या त्या थेट ओसरीवर, दिव्याच्या झगझगीत उजेडात, कॉफी पीत बसलेल्या बायकांच्या पुढ्यात! टॉवेल, मोजे, लाज, सगळं आतच राहिलं. हिल्लेवीनं डोळे गच्च मिटले. आता हसतील! पण कुणीच हसलं नाही. तिची नणंद राकेल उठून जवळ आली आणि खाली वाकली.

"वहिनी, हे काय? ही जागा तर सडायला लागलीय!"

"वन्सं, शिरा दिसतात ना..."

"शिरांना काय घेऊन बसलीस? माझ्या मांडीवरही आहेत. चल, गाडी काढते."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेली कातडी काढली. आणखी उशीर झाला असता तर घोट्यापर्यंत चिघळलं असतं, म्हणाले. मग शांतपणे समजावलं, "या शिरा सहसा निरुपद्रवी असतात. घट्ट मोजे वापरले तर पायांना आराम मिळेल. घालवायच्याच असतील तर इंजेक्शन आहे, लेझर आहे, पण आधी तपासणी. आणि तशाच राहू दिल्या तरी काही बिघडत नाही."

वाचकहो, सुंदर दिसावंसं वाटण्यात गैर काही नाही. पण उपाय करायचा तो उजळ माथ्यानं, जाणत्या हातांकडून. लाजेपायी आपण आपल्याच माणसांना पारखे होतो, आणि भलत्याच्या सोबतीला जाऊन बसतो!

जखम भरल्यावर हिल्लेवी सगळ्यांबरोबर न्हायला गेली. मागून इंपीआत्या काठी टेकत आल्या, अंगावर टॉवेलसुद्धा नव्हता.

"सरका गं," आत्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांच्या गप्पा राहिल्यात माझ्या."