रबराची चावी

चावी हलकी होती. इतकी हलकी, की टर्नरने आधी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, मग चावीकडे, आणि मग ती हातात देणाऱ्या टोपीवाल्याकडे. रबराची होती. वरून चंदेरी रंग फासलेला, जुनी दिसावी म्हणून कडेने काळं बोट फिरवलेलं, टोकाला दिसेल न दिसेल असा बारीक दोरा. खरी चावी उचलताना मनगट वजन यायच्या आधीच तयार व्हायचं. आत्ताही झालं... आणि वजन आलंच नाही. जिना संपलाय आणि आपल्याला वाटतं अजून एक पायरी आहे, तेव्हा पाय कसा आपटतो, तसं.

"सोप्पं आहे, काका," टोपीवाला म्हणाला. वयाने पोरगाच, पण पिक्चर त्याचा होता. "चावीने चक आवळायचा, चावी तशीच ठेवायची, बटण दाबायचं. चावी उडते, साहेबाच्या चहात पडते. पब्लिक हसतं. बस्स."

चावी तशीच ठेवायची! हा काय बोलतोय हे ह्याला तरी कळतंय का?

पिक्चर विनोदी होता. कारखाना बंद पडून घरी बसलेली पाच माणसं नाही नाही त्या उचापती करतात आणि शेवटी परत मान वर करून चालायला लागतात, असलं काहीतरी. त्यासाठी खरा बंद कारखाना भाड्याने घेतला होता आणि खरी घरी बसलेली माणसं बोलावली होती. मशीनं सगळी भंगारात गेली होती, टर्नर ज्यावर काम करायचा ते सात नंबरचं लेथही. हे एकच लेथ उरलं होतं, चार नंबर. त्याचे बोल्ट फरशीत असे गंजून बसले होते की भंगारवाल्यानेही हात टेकले. पिक्चरवाल्यांनी मोटार जोडून ते फिरतं केलं होतं. चार नंबर म्हणजे टर्नरला काम शिकवणाऱ्या उस्तादचं.

"ॲक्शन!"

टर्नरने लोखंडाचा तुकडा चकाच्या जबड्यात धरला, चावी घातली, आवळली, काढली, ट्रेमध्ये ठेवली, बटण दाबलं. चक गरगर फिरला. चहाचा कप धरून बसलेला पिक्चरमधला साहेब नुसताच बसून राहिला.

"कट! काका, चावी काढलीत."

"काढली का?"

मी नाही काढली. हाताने काढली.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तर त्याने मनात घोकलं होतं, नाही काढायची, नाही काढायची, आणि घोकता घोकताच चावी ट्रेमध्ये. मागे बाकावर बसलेला वेल्डर, वीस वर्षं त्याच्यासोबत डबा खाणारा दोस्त, मोठ्यांदा म्हणाला, "अहो डायरेक्टरसाहेब, जित्याची खोड आहे ती! मेल्याशिवाय जायची नाही." सगळे हसले. हे हसणं कागदावर लिहिलेलं नव्हतं, फुकटचं होतं.

कामावर लागून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, एकदा, एकदाच, चावी चकात राहिली होती आणि बोट बटणावर होतं. उस्तादने आधी बोट उचललं, मग कानाखाली वाजवली. "चावी चकात असताना श्वाससुद्धा घ्यायचा नाही. सुटली की गोळी होते ती. समोर कोण उभं आहे बघत नाही." मग तीच चावी त्याच्या खिशात कोंबली. आठवडाभर खिशात ठेव, जेवताना मांडीवर ठेव, झोपताना उशाशी. तो खरंच घेऊन झोपला होता. तेव्हापासून सव्वीस वर्षं हात आपोआप... आणि कारखाना बंद झाल्यावरही हात ऐकेना. घरचा नळ बंद केला तरी हात वर यायचा, काहीतरी उपसून काढल्यासारखा, आणि बाजूला ठेवायला जागा शोधायचा. "अहो, काय शोधताय?" बायको विचारायची. काय सांगणार? घरात बसून माणसाचं सगळं हळूहळू जातं, आवाज जातो, दाढी करायची शिस्त जाते, मेहुण्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत जाते, पण हा हात मात्र... हा एवढा अजून टर्नर होता.

सातव्या वेळी टोपीवाला जवळ आला. रागावला नाही, हेच वाईट. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, जमत नसेल तर सांगा हं. दुसरा माणूस घेऊ. हे वेल्डरकाका करतील की."

वेल्डर? ह्याने जन्मात लेथला हात लावलेला नाही! ह्याला चावी विसरायला काय लागतं, ह्याला ती आठवणारच कशाला? टर्नरच्या डोक्यात सणक गेली. पण सकाळी लेक दारापर्यंत आली होती. शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं तिने. "पप्पा, पडद्यावर तुम्ही एकटेच ना? की गर्दीत?" एकटाच, तो म्हणाला होता. फार दिवसांनी छातीतून आवाज निघाला होता तेव्हा.

"जमतंय," तो म्हणाला. "घ्या."

चक आवळला. हात चावीवर होता. तो वर येऊ लागला, चावीसकट, नेहमीसारखा... आणि टर्नरने बोटं उलगडली, एकेक करून, आणि तोंड फिरवलं. मास्तर आपल्याच पोराला मारत असताना बापाने खिडकीबाहेर बघावं, तसं. बटण दाबलं. फट्ट. डुबुक.

"कट! वा, काका! एक नंबर!"

सगळे टाळ्या वाजवत होते. साहेब शर्टावरचा चहा पुसता पुसता हसत होता, वेल्डर शिट्टी मारत होता. सव्वीस वर्षं चावी काढली, रोज, दिवसातून शंभरदा, कुणी टाळी वाजवली नव्हती. आणि लाज अशी की... तो हसत होता. गाल दुखेपर्यंत.

"हे पाचजण," त्याने टोपीवाल्याला विचारलं, "शेवटी ह्यांना काम मिळतं का?"

"काम नाही हो काका. इज्जत मिळते."

संध्याकाळी लेकीने करून दाखवायलाच लावलं. स्टीलचा डबा म्हणजे चक, लाकडी चमचा म्हणजे चावी. त्याने आवळलं, सोडलं, बटण दाबल्यासारखं केलं, आणि लेकीने चमचा असा भिरकावला की तो थेट आईच्या पदरात. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कितीतरी महिन्यांनी.

"परत, पप्पा, परत!"

परत केलं. मग आणखी एकदा. पाचव्या वेळी तोंड फिरवावं लागलं नाही. बोटं आपली आपणच उलगडली.

"थांब, हात धुऊन येतो," तो म्हणाला.

हात धुतले. नळ आवळून बंद केला. आणि थांबला.

हात वर आला नाही.

त्याने नळ पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला, नीट, उस्ताद मागे उभे असल्यासारखा. मेल्याशिवाय जायची नाही, वेल्डर म्हणाला होता.

"पप्पा, या ना! मी साहेब होते, तुम्ही चावी सोडा!"

"आलो," तो म्हणाला. हात नळावरच होता. टर्नर त्याच्याकडे बघत राहिला... वाट बघत.