शेजारच्या खोलीतली मॅच

मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्ट बंद पडायला मुहूर्त लागत नाही, त्यामुळे माझ्या लेकीची एकही मॅच मी धड पाहिलेली नाही. चिमणी शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर आहे. फायनल आली तेव्हाही मी कामासाठी परगावी, हॉटेलात. पण या वेळी शाळा मॅच लाइव्ह दाखवणार होती.

"मोबाईलवर नको हं बाबा, मुंगीएवढी दिसते मी. मोठ्या टीव्हीवर बघ," तिने बजावलं होतं. मी शब्द दिला होता.

म्हणून घरच्या टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक बॅगेतून आणली होती. हॉटेलवाल्यांनी टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला की मागे बोट शिरेना. ज्याने तो बसवला त्याला एकदा माझ्या लिफ्टमध्ये कोंडायला हवं! कोपर सोलवटलं, पण स्टिक बसली, वायफाय जोडलं. मोबाईल विचारायला लागला, कुठल्या टीव्हीवर पाठवू? 'लिव्हिंग रूम' हे नाव दोनदा दिसत होतं. स्टिकसोबत आलेलं ते नाव मी कधी बदललंच नव्हतं. वायफाय अडखळलं असेल, म्हणत मी वरचं दाबलं.

टीव्ही निळा तो निळाच. अख्खा पूर्वार्ध आणि पुढचं बरंच काही रिमोटशी कुस्ती खेळण्यात गेलं. त्यात शेजारच्या खोलीत कुणीतरी मोठ्याने टीव्ही लावून आरडाओरडा करत होतं. मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून पोरींचा गलका आला, "चिमणी! चिमणी!"

मी मोबाईल पाहिला. मॅच 'लिव्हिंग रूम'वर चालू होती. शेजाऱ्यांचीही तसलीच स्टिक होती आणि मी परक्यांच्या टीव्हीवर माझी लेक सोडली होती! घाईघाईने बंद केलं. पलीकडे एकच हाहाकार उडाला आणि लगेच माझं दार धडधडलं. बाहेर एक आजी.

"अहो, तुमच्याकडे मॅच दिसतेय का? आमची ऐन पेनल्टीला गेली!"

"ती... माझी आहे."

"मॅच?"

"गोलकीपर."

आजींनी मनगट धरून मला त्यांच्या खोलीत ओढलंच. आजोबा पलंगाच्या कडेवर बसलेले. "आधी लावा! ओळखपाळख मागाहून!"

मी पुन्हा वरचं दाबलं. चिमणी पडदाभर आली. दोन्ही हात पसरून, न घाबरता उभी. घरी पालीला भिणारी पोर ती हीच! मला भरून आलं. शेवटचा फटका आला, तिने झेप घेतली, आणि आजोबांनी आनंदाच्या भरात मला अशी मिठी मारली की चष्मा त्यांचा आणि श्वास माझा, दोन्ही गेले.

थोड्या वेळाने फोन वाजला. मी स्पीकरवर घेतला.

"बाबा, पाहिलंस? खरंच? मग सांग, शेवटचा कसा अडवला?"

मी तोंड उघडायच्या आत आजी-आजोबाच ओरडले, "डावीकडे! पायाने!"

चिमणी हरखून म्हणाली, "बाबा, तू माणसं जमवून बघितलीस?"

"हो," मी म्हणालो.