उरलेल्या गोळ्यांचा डबा

विषय : सुनेचा न हटणारा ताप.
संदर्भ : माझ्या पोटातला औषधांचा साठा.

उपरोक्त विषयासंबंधी मी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, बोलतोय. कारखान्यातून निघालो तेव्हा झाकणावर गुलाबाची फुलं होती. बिस्किटं आठवड्यात संपली, फुलं वर्षभरात पुसली गेली. मग घरातल्या आजोबांनी मला कपाटावर बढती दिली आणि औषधखातं माझ्याकडे सोपवलं.

त्यांची पद्धत सोपी होती. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या, उरलेल्या माझ्यात टाकायच्या. "वाया कशाला घालवायच्या?" घरात कुणी शिंकलं तरी माझं झाकण वाजे. सगळे थट्टेनं त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. ती थट्टा आहे हे फक्त त्यांना ठाऊक नव्हतं.

सुनेला ताप आला. माझ्यातून आधी तीन पांढऱ्या गोळ्या निघाल्या, मग दोन पिवळ्या. ताप ढिम्म हलेना. दहाव्या दिवशी ती भिंत धरून चालू लागली, तेव्हा आजी कडाडल्या, "पुरे झाली तुमची डॉक्टरकी! चला दवाखान्यात."

पुरावा म्हणून मलाही पिशवीतून नेलं. रक्त तपासायला गेलं. अहवाल आला : टायफॉइड, आणि तोही नेहमीच्या औषधांना न जुमानणारा.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यात डोकावून पाहिलं. "आजोबा, यातली एकही गोळी या जंतूला लागू पडणार नाही. अशा अर्धवट औषधांनीच हे जंतू निर्ढावतात. अजून उशीर केला असता तर हिच्या जिवावर बेतलं असतं."

आजोबांनी माझं झाकण हळूच लावून टाकलं. 

"मग आता?" आजींनी विचारलं.

"एक औषध चालेल. रोज एक गोळी, दहा दिवस. एकही चुकवायची नाही."

पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी सून चहात साखर कमी म्हणून नवऱ्याशी भांडली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आजोबांचा हात आपोआप गोळ्यांच्या पाकिटाकडे गेला. "आता ठणठणीत आहेस की! या चार ठेवू का डब्यात?"

सुनेनं पाकीट उशीखाली सरकवलं. "बाबा, त्या माझ्या पोटात जाणार. डब्याच्या नाही."

दहावी गोळी तिनं त्यांच्यासमोर गिळली आणि रिकामं पाकीट त्यांच्या हातावर ठेवलं. माझ्यातला जुना साठा तिनं दवाखान्यात जमा केला. सध्या माझ्यात तिची शिवणाची बटणं आहेत. काम हलकं आहे, तक्रार नाही.

निदान डोकेदुखीच्या गोळ्यांपुरता तरी डबा परत मिळावा, असा आजोबांचा तोंडी अर्ज सुनेकडे आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.